रद्दीचा भाव आणि ओल्या केराचें बक्षीस

वाशी हें नांव ऐकलें कीं शहरांतल्या माणसाच्या डोळ्यांपुढें मुंबईच्या खाडीपलीकडची वाशी उभी राहते. महाराष्ट्रांत दुसरीहि एक वाशी आहे. ती धाराशिव जिल्ह्यांत, बालाघाटाच्या पठारावर, कमी पावसाच्या मुलखांत वसलेली असून तालुक्याचें ठिकाण आहे. तेथें नगरपंचायत आहे, बाजार आहे, आणि भोंवतालचा प्रदेश दूध व खवा यांबद्दल प्रसिद्ध आहे. दोन्ही वाशींचा स्वभाव सर्वस्वीं निराळा. पण एका प्रश्नापुढें दोघीहि सारख्याच येऊन उभ्या राहिल्या आहेत. घरांतून रोज बाहेर पडणारा केर घरच्यांनींच निवडून वेगळा ठेवावा, हें सर्वांनाच मान्य आहे. तो तसा ठेवला जावा म्हणून घराला कांहीं मोबदला द्यावा काय, द्यावयाचा तर कोणत्या रूपानें द्यावा, आणि मुख्य म्हणजे घरांतील कोणाच्या हातीं द्यावा, हा तो प्रश्न होय.

२०१६ सालच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीं ओला, सुका आणि घरगुती घातक असे केराचे तीन भाग करण्याचें काम प्रत्येक घराकडे सोंपविलें. डबे वांटले गेले. हिरवा ओल्यासाठीं आणि निळा सुक्यासाठीं, असे रंगहि ओळखीचे झाले. परंतु डब्याचा रंग ठरविणें सोपें आणि हाताची संवय बदलणें कठीण. सकाळच्या घाईंत चहाचा चोथा, दुधाची पिशवी, कालचें वर्तमानपत्र आणि घड्याळांतला संपलेला सेल हीं सारीं एकाच डब्यांत पडतात, आणि एकदां पडलीं कीं त्यांना वेगळें करण्याचें काम भलत्याच कोणाच्या तरी हातीं जातें.

केर वेगळा ठेवल्याबद्दल घराला मोबदला मिळणें ही कल्पना नवी आहे, असें समजण्याचें मात्र कारण नाहीं. मराठी गृहिणीला हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याला कोणीं योजना असें नांव दिलें नव्हतें, एवढेंच. वर्तमानपत्रांच्या घड्या करून, कोपरे जुळवून, सुतळीनें बांधून तीं माळ्यावर ठेवावयाचीं, आणि महिन्या-दोन महिन्यांनीं रद्दीवाल्यास बोलवावयाचें, ही अगदीं सामान्य रीत. त्याच्या तागडीकडे संशयानें पाहणें हाहि त्या व्यवहाराचाच एक भाग असे. तांब्यापितळेचें भांडें चेपलें, गळूं लागलें, तर तें टाकण्याची कल्पनाहि कोणाला शिवत नसे. तांबटाच्या दुकानीं त्याची मोड घालावयाची. घट वजा करून धातूची किंमत जमा व्हावयाची, आणि नव्या भांड्याची घडणावळ तेवढी वर द्यावयाची. हा धातू त्या घरीं जणूं ठेव म्हणूनच राहत असे.

या सर्वांत बोहारणीचा व्यवहार विशेष लक्ष देण्याजोगा आहे. दुपारीं, घरांतील कामें आटोपण्याच्या वेळीं, डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन ती दारीं येई. जुनें पातळ, विरलेली विजार, आंखूड झालेला मुलांचा सदरा असें कांहीं ना कांहीं तिच्यापुढें टाकलें जाई. ती प्रत्येक कपडा उजेडाकडे धरून पाही, कोठें विरला आहे तें बोटानें दाखवी, आणि मागितलेल्या डब्याऐवजीं वाटी पुढें सरकवी. घासाघीस अर्धा-पाऊण तास चाले. शेवटीं डबाहि नाहीं आणि वाटीहि नाहीं, तर मधलेंच एखादें पातेलें ठरून सौदा मिटे. तिनें नेलेल्या कपड्यांची पुढें बारीक निवड होत असे. धड असलेले शिवून-धुऊन जुन्या बाजारांत विकले जात. जरीचे काठ वेगळे काढून त्यांतली चांदी गाळून घेणारे लोक निराळे. फाटक्या सुती चिंध्या कारखान्यांतलीं यंत्रें पुसण्यास उपयोगी पडत, आणि त्यांच्यापासून हातकागदहि होत असे. पुण्यांत १९४० सालीं निघालेली हातकागद संस्था चिंध्यांपासून कागद करण्याबद्दल प्रसिद्ध आहे. आणि जें घराबाहेर जातच नसे, त्याच्या मराठवाड्यांत वाकळी होत व इतरत्र गोधड्या होत.

या जुन्या व्यवहारांत तपासनीस नव्हता, दंड नव्हता, फलक नव्हते. तरीहि कपडे धुऊन आणि कागद कोरडे ठेवून वेगळे ठेवले जात. याचें कारण शोधूं लागल्यास मोठें बोधप्रद आहे. मोबदला लहान असे, पण तो त्याच क्षणीं हातांत पडे. वस्तु जितकी नीट ठेवलेली, तितका भाव अधिक. भिजलेल्या रद्दीला कोणी विचारीत नसे, म्हणून ती न भिजविण्याची काळजी घरानेंच घ्यावयाची. आणि तिसरी गोष्ट अशी कीं, मोबदला निवडण्याचें काम करणाऱ्या व्यक्तीलाच मिळे. पुष्कळ घरांत पगाराचा हिशेब पुरुषाच्या हातीं असला तरी रद्दीचे पैसे आणि बोहारणीकडून आलेलें भांडें या दोन गोष्टींवर गृहिणीची सत्ता निर्विवाद असे. अलीकडच्या बक्षीस-योजनांत नेमकी हीच तिसरी गोष्ट वारंवार सुटून जाते.

ओल्या केराची कथा निराळी आहे. वाशीसारख्या गांवांत त्याचा प्रश्न फार काळ उद्‌भवलाच नाहीं. भाजीचीं देंठें, शेंगांचीं टरफलें, शिळी भाकर हीं दारच्या म्हशीपुढें जात. चुलीची राख भांडीं घासण्यास लागे. शेण, पाला आणि झाडलोट उकिरड्यांत पडे, आणि पावसाळ्यापूर्वीं गाडीनें शेतांत जाई. उकिरडा ही त्या घराची घाण नसून मिळकतच होती. पुढें गांव वाढलें. ज्यांच्या दारीं जनावर नाहीं आणि ज्यांना शेत नाहीं अशीं घरें वाढलीं. चुलीच्या जागीं गॅस आला आणि अंगणांत फरशी आली. केराला जाण्यास पूर्वीच्या ज्या वाटा होत्या त्या एकेक करून बंद झाल्या, आणि त्याच सुमारास प्लास्टिकची पातळ पिशवी घरांत शिरली.

दूधदुभत्याच्या मुलखांत या पिशवीचा उपद्रव कागदावरच्या आंकड्यांत शोधावा लागत नाहीं. घरोघरचें उरलेंसुरलें अन्न पिशवींत भरून, गांठ मारून रस्त्याच्या कडेला टाकलें जातें. मोकळ्या हिंडणाऱ्या गाईला गांठ सोडतां येत नाहीं. ती अन्नाच्या वासानें पिशवीसकट सर्व गिळते. जनावराच्या पोटांत प्लास्टिक पचत नाहीं आणि पुढेंहि सरकत नाहीं. तें पहिल्या कप्प्यांत सांचत जाऊन त्याचा गोळा होतो, चाऱ्याला जागा उरत नाहीं, दूध आटतें, आणि कित्येकदां जनावर दगावतें. म्हणजे एका घरानें ओलें आणि सुकें एकत्र बांधण्याचा जो आळस केला, त्याची किंमत दुसऱ्याच घराच्या गोठ्यांत मोजली जाते.

येथेंच मोबदल्याच्या प्रश्नाचें मूळ आहे. केर निवडण्यास सर्वांत कमी कष्ट कोठें पडतात, तर तो हातांतून सुटतो त्या क्षणीं. केळ्याची साल एका डब्यांत आणि बिस्किटाचा कागद दुसऱ्यांत टाकण्यास अधिक वेळ असा लागतच नाहीं. तींच दोन्ही एका डब्यांत दोन दिवस राहिलीं कीं कागद भिजतो, सालीला प्लास्टिकचे तुकडे चिकटतात, घाण सुटते. पुढें डेपोवर उन्हांत उभें राहून हातांनीं तीं वेगळीं करणाऱ्या बाईस तासन्‌तास लागतात, आणि इतकें करूनहि कागदाला भाव येत नाहीं व सालीचें निर्भेळ खत होत नाहीं. घरच्या माणसाला जें जवळजवळ फुकट पडतें, तेंच काम दुसऱ्याला फार महाग पडतें. ही तफावत हाच मोबदल्याचा आधार होय. घराला थोडेंसें देऊन नगरपालिकेचे पुष्कळ वांचत असतील, तर तें देणें दानधर्म नसून सरळ हिशेब आहे.

हा हिशेब महाराष्ट्रांतील महापालिकांनीं ओळखला नाहीं असें नाहीं. पुणें महापालिकेनें गांडूळखत, पर्जन्यजल-संचय आणि सौरऊर्जा यांपैकीं एक सोय करणाऱ्या मिळकतीस करांत ५ टक्के आणि दोन किंवा अधिक सोयी करणारीस १० टक्के सूट ठेवली. मुंबई महापालिकेनें २०१७ सालीं मोठ्या गृहसंस्थांनीं आपला ओला केर आपल्याच आवारांत जिरवावा असा आग्रह धरला, आणि पुढें तसें करणारांस मालमत्ताकरांत सूट देऊं केली. हेतु उत्तम आहे. परंतु बोहारणीच्या कसोटीवर ही सूट घासून पाहिली तर ती फारशी उतरत नाहीं. सूट मिळते वर्षाकांठीं. ती मिळते करपत्रिकेवरच्या एका ओळींत. आणि ती मिळते मालकाला. रोज सकाळीं दोन डबे संभाळणारी गृहिणी, त्याहून अधिक म्हणजे घरकामास येणारी बाई, हिला त्या ओळीची वार्ताहि नसते. भाड्यानें राहणाऱ्या कुटुंबाचें तर विचारूंच नये. निवडावयाचें त्यांनीं आणि सूट घ्यावयाची घरमालकानें. शिवाय खताचा खड्डा बांधून झाला कीं सूट सुरू होते. तो खड्डा पुढें चालूं आहे किंवा त्यांत नुसतीं कुंड्यांचीं फुटकीं खापरें पडलीं आहेत, हें पाहण्यास वर्षभर माणूस हिंडवावा लागतो.

याच्या उलट टोंकाला दंड आहे. दंडाविषयीं एक अनुभव सांगण्यासारखा आहे. इस्रायलमधील हैफा शहरांत कांहीं बालगृहांतून मुलांना उशिरां नेणाऱ्या पालकांवर दंड बसविण्यांत आला. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनांत असें आढळलें कीं, उशीर करणाऱ्यांची संख्या घटण्याऐवजीं वाढली. पूर्वीं उशीर करतांना मनाला संकोच वाटे. आतां पैसे दिले कीं उशीर विकत मिळूं लागला. पुढें दंड काढून टाकल्यावरहि पहिला संकोच परत आला नाहीं. केराच्या बाबतींत सुखवस्तु सोसायट्यांना दंडाची पावती सहज परवडते, हें लक्षांत घेतलें म्हणजे या अनुभवाचा अर्थ स्पष्ट होतो.

मराठवाड्यांतच, छत्रपती संभाजीनगराजवळच्या पाटोदा गांवीं, बक्षिसाचा एक निराळा मार्ग चोखाळण्यांत आला. भास्करराव पेरे सरपंच असतांना तेथील ग्रामपंचायतीनें असें ठरविलें कीं, जें कुटुंब सर्व कर भरील त्याचें दळण वर्षभर मोफत दळून मिळेल. हें बक्षीस कर भरल्याबद्दलचें होतें, केर निवडल्याबद्दलचें नव्हे. तरी पण त्यांतली योजकता येथें फार उपयोगी आहे. पीठ दर आठवड्यास लागतें. गिरणीच्या रांगेंत उभें राहणारी व्यक्ति बहुधा घरांतील स्त्रीच असते, आणि दळणाचे पैसे वांचले हें तिला प्रत्येक खेपेस जाणवतें. कर भरावयाचा राहिला तर आठवण करण्यास पंचायतीचा शिपाई लागत नाहीं. घरांतूनच विचारणा होते. करांतील सूट आणि मोफत दळण यांची रुपयांत किंमत कदाचित्‌ सारखी भरेल, पण दोहोंचा घरावर होणारा परिणाम सारखा नाहीं. गांवाला बक्षीस देण्याची पद्धत महाराष्ट्रांत संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानानें २००० सालापासून रुळविली, आणि तिनें गांवेंच्या गांवें झाडून निघालीं. परंतु गांवाचें बक्षीस चावडीवर राहतें, तें स्वयंपाकघरापर्यंत येत नाहीं.

सुक्या वस्तूंच्या बाबतींत तिसरी एक रीत आहे, ती अनामतीची. मुंबईंत आरेचें दूध कांचेच्या बाटलींतून मिळत असे त्या काळीं रिकामी, धुतलेली बाटली दिल्यावांचून भरलेली मिळत नसे. त्यामुळें ती बाटली रस्त्यावर पडलेली कधीं दिसलीच नाहीं. पुढें पिशवी आली. पिशवी परत द्यावी लागत नाहीं ही सोय झाली, आणि तीच अडचणहि झाली. अमेरिकेंतील ऑरेगॉन संस्थानानें १९७१ सालीं पेयांच्या बाटल्या व डब्यांवर ५ सेंट अनामत बसविण्याचा कायदा केला. रिकामी बाटली परत दिली कीं ते ५ सेंट परत मिळत. प्रारंभीं हें उत्तम चाललें. पण ५ सेंट तेवढेच राहिले आणि महागाई वाढत गेली. चाळीस वर्षांनीं त्या नाण्यासाठीं बाटली उचलून नेण्याचे श्रम घेणारे कमी झाले, आणि परत येण्याचें प्रमाण सुमारें ६४ टक्क्यांपर्यंत खालीं गेलें. २०१७ सालीं अनामत १० सेंट केल्यावर तें पुन्हां ८० टक्क्यांच्या वर चढलें. जर्मनींत २००३ पासून एकदां वापरून टाकावयाच्या बाटलीवर २५ सेंट अनामत आहे, आणि तेथें बहुतेक सर्व बाटल्या परत येतात.

महाराष्ट्र सरकारनें २३ मार्च २०१८ रोजीं प्लास्टिकवर जी बंदी घातली, तींत हीच रीत गोंविली होती. दुधाच्या पिशवीवर ५० पैसे परतीची किंमत छापावी, आणि पाण्याच्या बाटल्यांवर, एक लिटरची किंवा मोठी असल्यास १ रुपया व त्याहून लहान असल्यास २ रुपये छापावे, असें ठरलें. लहान बाटलीला अधिक पैसे कां, असें प्रथमदर्शनीं वाटेल. पण मोठी बाटली घरीं येते, धुऊन पुन्हां भरली जाते. लहान बाटली प्रवासांत रिकामी होते आणि खिडकींतून बाहेर जाते. जी फेंकली जाण्याचा संभव अधिक, तिच्यावर मोबदला अधिक, हा विचार मोठा मार्मिक होता. सोलापूर-धुळें महामार्ग वाशी तालुक्यांतून जातो. त्याच्या कडेनें चालणारास या दोन रुपयांचें मर्म निराळें समजावून द्यावें लागणार नाहीं. दुर्दैवानें ही योजना कागदावरून दुकानाच्या फळीपर्यंत फारशी पोंचली नाहीं. बाटली परत घेण्यास दुकानदाराजवळ जागा नव्हती, मोजण्यास वेळ नव्हता, आणि त्यानें दिलेले पैसे त्याला कोण देणार हें त्याला नीट कळलें नव्हतें.

सुक्या केराबद्दल घराला बक्षीस देण्यापूर्वीं आणखी एका गोष्टीचा विचार होणें अवश्य आहे, आणि ती शहरांतील सुशिक्षित घरांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. त्या केरावर कोणाचें तरी पोट आहे. पुण्यांत १९९३ सालीं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. बाबा आढाव यांसारख्यांच्या मार्गदर्शनाखालीं कचरा वेंचणाऱ्या स्त्रिया एकत्र आल्या, आणि १९९६ च्या सुमारास महापालिकेनें त्यांना ओळखपत्रें मान्य केलीं. याच चळवळींतून निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनें २००८ सालीं पुणें महापालिकेशीं करार केला. या व्यवस्थेंत घर दरमहा ठराविक पैसे देतें, वेंचक स्त्री दारीं येऊन केर नेते, आणि सुक्यांतून येणारें उत्पन्न तिचें असतें. आतां एखादी कंपनी सोसायटीच्या फाटकाशीं यंत्र बसवून बाटल्यांबद्दल घराला गुण आणि सवलतीचीं कूपनें देऊं लागली, तर त्यांत नवें असें कांहीं निर्माण होत नाहीं. वेंचक बाईच्या पोत्यांतली चांगली बाटली तेवढी दुसरीकडे वळते, आणि तिच्या वाट्याला घाण तेवढी उरते. रद्दी, पत्रा आणि बाटली यांना बाजारांत भाव आहेच. वाशीच्याच तालुक्यांत तेरखेडा येथें फटाक्यांचे कारखाने आहेत. फटाक्याचें कवच कागदाचें असतें, आणि जुन्या कागदाला असे गिऱ्हाईक कोठें ना कोठें सांपडतेंच. ज्याला बाजार भाव देतो त्याला नगरपालिकेनें वर बक्षीस देणें म्हणजे भरल्या माठांत पाणी ओतणें होय.

बक्षीस हवें आहे तें ओल्याला. भारतांतील शहरांत घरगुती केराचा साधारणपणें निम्मा किंवा अधिक भार ओल्याचा असतो, आणि त्याला भंगारवाला हात लावीत नाहीं. भाजीच्या टरफलांत तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणीच असतें. म्हणजे गाडी दारोदार हिंडवून जो केर डेपोवर नेला जातो, त्यांत डिझेल जाळून मुख्यतः पाणी वाहिलें जातें. डेपोवर ढिगाखालीं हवा पोंचत नाहीं. हवेवांचून कुजणाऱ्या अन्नांतून मिथेन वायु सुटतो, आग लागते, आणि काळा रस झिरपून विहिरीकडे जातो. तेंच टरफल परसांतल्या छिद्रें पाडलेल्या माठांत, वाळका पाला किंवा लांकडाचा भुसा यांच्या थरांत घातलें, अधूनमधून हलविलें, आणि पिळलेल्या फडक्याइतकी ओल ठेवली, तर दोन-तीन महिन्यांत त्याची काळी, भुसभुशीत माती होते. दहा किलोचें जेमतेम दोन-तीन किलो उरतें. वास आला तर समजावें कीं पाणी जास्त झालें किंवा हवा कमी पडली. मूठभर वाळका पाला टाकला कीं तो जातो. यांत गहन असें कांहीं नाहीं. उकिरड्याचीच ही लहान, झांकलेली आवृत्ति आहे.

ब्राझील देशांतील कुरितीबा शहरांत अशाच हिशेबावर एक व्यवहार उभा राहिला. दाट वस्त्यांच्या अरुंद वाटांतून केराची गाडी जात नसे. शहरानें प्रथम केराच्या पोत्याबद्दल बसचीं तिकिटें दिलीं, आणि १९९१ पासून निवडलेल्या ४ किलो सुक्या केराबद्दल १ किलो भाजी देण्यास प्रारंभ केला. भाजी शहराभोंवतालच्या लहान शेतकऱ्यांकडून घेतलेली असे. गाडीचा जो खर्च झालाच असता, तो भाजीच्या रूपानें त्या घरांत गेला. हा व्यवहार बोहारणीला तात्काळ समजला असता.

वाशीसारख्या नगरपंचायतीला हें करण्यास मोठ्या यंत्रांची गरज नाहीं. जें घर ओला केर बाहेर देतच नाहीं, त्याचा प्रत्येक आठवड्याचा वाहतुकीचा खर्च वांचतो. तेवढ्या किंमतीची दळणाची चिठ्ठी त्या घरांतील स्त्रीच्या नांवें, आठवड्याच्या बाजारीं, हातांत द्यावी. तपासणीहि सोपी आहे, कारण खड्ड्यापेक्षां डबा लवकर बोलतो. गाडीवाल्यास त्या दारीं फक्त कोरडा डबा मिळाला तर वहींत खूण करावी. भिजलेला मिळाला तर त्या आठवड्याची चिठ्ठी नाहीं. ज्यांच्याकडे परस नाहीं त्यांचीं ताजीं टरफलें, प्लास्टिक मुळींच नाहीं अशी खात्री असेल तर, शेजारचा गोठेवाला आनंदानें नेईल; त्याचीहि खूण त्याच वहींत व्हावी. खत घेण्यास शेतें गांवाच्या वेशीशींच आहेत, हा तर मोठ्या शहरांना न मिळणारा लाभ आहे. चिठ्ठीचा दर मात्र दोन-तीन वर्षांनीं पाहून वाढवावा लागेल, नाहीं तर ऑरेगॉनच्या ५ सेंटांसारखी तिची गत व्हावयाची.

मग उरतात त्या वस्तू, ज्यांना भंगारवाला विचारीत नाहीं आणि शेतकरीहि शेतांत येऊं देत नाहीं. चिवड्याचें चकचकीत वेष्टण आंतून धातूचें व बाहेरून प्लास्टिकचें असतें. थर सुटे होत नाहींत म्हणून तें वितळवून नवें करणें परवडत नाहीं. वापरलेले पॅड आणि लहान मुलांचे डायपर यांचा तर प्रश्न आरोग्याचाहि आहे. ते कागदांत गुंडाळून त्यावर तांबडा ठिपका काढावा, म्हणजे उघडून पाहण्याची पाळी येणार नाहीं, अशी विनंति पुण्याच्या वेंचक स्त्रियांनीं घराघरांना केली. ठिपका काढण्यास बक्षीस लागत नाहीं, समोरच्या हातांची आठवण पुरते. वेष्टणांच्या बाबतींत घराला कितीहि बक्षीस दिलें तरी त्यांना गिऱ्हाईक निर्माण होणार नाहीं. तो भार वेष्टण बनविणाऱ्यावर आणि त्यांत माल भरून विकणाऱ्यावर टाकण्याचे नियम केंद्र सरकारनें २०२२ सालीं केले. त्यांत उत्पादकांनीं अनामत-परतीच्या किंवा परतखरेदीच्या योजना चालवाव्या, अशी मुभा ठेविली आहे. सक्ती केलेली नाहीं. त्यामुळें दुकानांत टांगलेल्या शांपूच्या पुडीवर ती विकत घेण्याची किंमत तेवढी छापलेली असते, रिकामी परत आणून देण्याची नसते.